विळा विस्तवात कधी घालायचा

बाईंनी शनिवारच्या वर्गात बकऱ्याचं हृदय आणलं, तेही जेवणाच्या डब्यात. झाकण काढून डबा आमच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "ज्यांना दवाखान्यात नोकरी करायची आहे त्यांनी हे आधी हातात घ्यायचं. ज्यांना किंचाळायचं आहे त्यांनी बाहेर जाऊन किंचाळायचं." पहिल्या बाकावरच्या दोघी खरंच बाहेर पळाल्या. एक तर बाकावरच आडवी झाली. मी उठले, ते थंडगार हृदय उचललं आणि उलटंपालटं करून पाहिलं. आमच्या वस्तीत बकरं कापलं की आम्ही पोरं कोंडाळं करून बसायचो, आम्हाला त्याचं काय कौतुक! बाई म्हणाल्या, "हिला अकोल्याचे लोक हसत घेऊन जातील."

अकोल्याला नर्सिंगची शाळा होती. मॅट्रिक झालेल्या मुली तिथं घेत, राहायला जागा देत आणि शिकता शिकता वर थोडे पैसेही देत. मुलीच्या जातीला मॅट्रिकनंतर दोनच वाटा, लग्न नाहीतर मास्तरकी, असं सगळे धरून चालत. बाईंना ते पटत नसे. म्हणून अमरावतीच्या आमच्या मुलींच्या हायस्कुलात शनिवारी दुपारी त्या हा जादा वर्ग घेत. शाळेनं सांगितलेला नव्हता, कुणी मागितलेलाही नव्हता. आम्ही त्याला दवाखान्याचा वर्ग म्हणायचो. नाडी कशी मोजायची, थर्मामीटर झटकायचा कसा, डोक्याला पट्टी बांधताना कान कसा मोकळा ठेवायचा, आणि सगळ्यात आधी हात कसे धुवायचे. कोपरापर्यंत! नखांत मळ दिसला तर बाई फूटपट्टी हाणायच्या. त्या पुण्याकडच्या, आमचं बोलणं त्यांच्या कानाला टोचायचं. "मले काय, तुले काय, अगं तुम्ही भांडताय की बोलताय?" असं विचारायच्या. आम्ही म्हणायचो, "बोलूनच राहिलो, बाई."

मी भातकुलीकडच्या एका लहान गावची. वसतिगृहात राहायची. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमची अख्खी वस्ती बौद्ध झाली होती आणि गावकीची कामं वस्तीनं एका दिवसात सोडली होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही, गावभर सांगावे द्यायला धावायचं नाही. माझ्या मायनंही तिचं काम सोडलं. माझी माय दाई होती. गावातल्या लहानमोठ्या सगळ्या घरची बाळंतपणं तिच्या हातून होत. तिच्या आधी माझी आजी करायची. दीक्षेहून आल्यावर माय म्हणाली, "आता बस झालं," आणि दुसऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागली.

तर अशा मायला मी दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं की मला अकोल्याला नर्स व्हायचंय. मला वाटलं, ती खुश होईल. अगं बाई! ती हातातली भाकर तव्यावर तशीच टाकून उठली.

"काय म्हनलं?"

"नर्स. दवाखान्यात. पांढरी साडी, पगार."

"साडी पांढरी असो का काळी, काम तं तेच न? बाया बाळंत करायच्या, रक्त काढायचं. ते सोडाले एवढी वस्ती नागपूरले गेलती आन तू मॅट्रिक होऊन त्याच खड्ड्यात जाते? मास्तरीन हो. कारकून हो. पन हे नाई."

मी वाद घातला. मीही काही कमी नव्हते, तिचीच पोर. शेवटी तिनं खरं कारण सांगितलं. "लेकरू जगलं तं देवानं जगवलं, मेलं तं दाईनं मारलं. मी आयकलं आयुष्यभर. तुले नाई आयकू देनार."

ते कशाबद्दल होतं हे मला ठाऊक होतं. गावच्या पाटलाच्या घरी मूल जगत नसे. सून बाळंत व्हायची, पोर चांगलं रडायचं, दूध प्यायचं, आणि आठवडा व्हायच्या सुमाराला दूध सोडायचं. मग ताठ व्हायचं आणि जायचं. एकदा नाही, एका सुनेचं नाही. गाव म्हणे सटवीनं नेलं. थोड्या दिवसांनी सटवीचं नाव मागं पडलं आणि मायचं पुढं आलं. हिच्या हाताला यश नाही. हिनं करणी केली. इतकं बोलून पुन्हा पुढच्या खेपेला बोलावणं हिलाच, कारण दुसरी दाई होती कुठं! दीक्षेनंतर मायनं जायचं सोडलं तेव्हा पाटलानं सुनेला बैलांच्या दमणीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. ते पोर जगलं. चांगलं गुटगुटीत झालं. झालं, गावाला पुरावा मिळाला! हिचा हात नव्हता तर पोर वाचलं. माय रस्त्यानं दिसली की पाटलाच्या घरच्या बाया ते पोर पदराखाली घेत.

माय कुणाला उलटून बोलली नाही. पण मी तिला ओळखते. तिला आतून वाटायला लागलं होतं की असेल बाई, आपल्याच हातात काहीतरी असेल.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली होती. अकोल्याला निवडीसाठी कुणाला न्यायचं ते बाईंना ठरवायचं होतं, आणि घरच्यांचा होकार असल्याशिवाय त्या कुणाला नेत नसत. त्या मला रोज विचारायच्या, "आई काय म्हणते?" मी रोज म्हणायची, "सांगते, बाई."

अशात एका शनिवारी बाई आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. आधी बाहेरचा भाग दाखवला, मग औषधाची खोली. मग लहान मुलांचा वॉर्ड. तिथं कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीवर काळं कापड लावलेलं होतं आणि आत एका खाटेवर तान्हं मूल होतं. जन्मून आठवडा झाला असेल नसेल. त्याचा जबडा घट्ट मिटला होता, ओठ ओढल्यासारखे झाले होते, मुठी वळलेल्या. आमच्यातल्या एकीचा हात दाराला लागला आणि कडी वाजली. तेवढ्यानं ते एवढंसं पोर कमानीसारखं मागं वाकलं. टाळू आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकलेल्या. आवाज नाही, रडणं नाही. बाप रे! माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो नवं काही पाहिल्याचा नव्हता. मी हे आधी पाहिलं होतं. मी लहान असताना मायबरोबर तिचं गाठोडं घेऊन पाटलाच्या घरी जायची, बाळंतपणाला आणि पुढं पोरानं दूध सोडलं म्हणून बोलावलं तरी. मागच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला बसायची. तिथून मी हेच पाहिलं होतं.

"हे तं सटवीनं धरलेलं हाय!" माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

मुली फिसकन हसल्या. बाईंनी डोळे वटारले आणि आम्हाला बाहेर व्हरांड्यात आणलं. तिथं त्यांनी शांतपणे सांगितलं की सटवी-बिटवी काही नसतं, याला धनुर्वात म्हणतात. याचे जंतू असतात. ते शेणात राहतात, गोठ्याच्या मातीत राहतात, तिथं पडलेल्या लोखंडाला चिकटतात. अशा हत्यारानं नाळ कापली की ते आत शिरतात आणि आठवडाभरात मूल असं होतं. मग त्यांनी मला विचारलं, "तू कुठं पाहिलंस?"

"आमच्या गावात."

"नाळ कशानं कापली होती?"

मला माहीत होतं. कडबा कापायचा विळा. गोठ्यातल्या कुडाला खोचलेला असायचा तो. आणि तो हातात धरणारा हात कुणाचा, तेही माहीत होतं. वर्गात फूटपट्टी खाऊन खाऊन मी कोपरापर्यंत हात धुवायला शिकत होते आणि माझी माय, माझी स्वतःची माय, गावाची लेकरं मारत होती! म्हणजे गाव खोटं बोलत नव्हतं? बाई पुन्हा विचारत होत्या, तर मी व्हरांड्याच्या नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वसतिगृहाच्या बाईंची परवानगी काढली आणि मोटारीनं गावाकडे गेले, पुढं पायी. माय अंगणात बसून कापसाच्या पऱ्हाट्या मोडून मोळी बांधत होती. मला अवेळी बघून घाबरली. मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

"माय, पाटलाच्या घरी नाळ कायनं कापे तू?"

"आता काहून काढते ते?"

"सांग न."

"इळ्यानं. आनखी कायनं कापतेत?"

"कोन्या इळ्यानं?"

"त्यायच्याच. गोठ्यातला, कडब्याचा. घरातली इळी मले कोन देईन? माहा हात लागला का ते बाटली. सैपाकात चालन का मंग?"

"आन आपल्या वस्तीत?"

"आपल्या वस्तीत काय, चुलीपाशी असन ते घ्याचं. घरचीच इळी. कढत पान्यात बुचकळून घ्याची, म्हंजे नाळ चिकटत नाई."

वस्तीतली पोरं काय अमर होती का? तापानं जायची, हगवणीनं जायची. पण त्या कमानीसारखं वाकून गेलेलं पोर मला आमच्या वस्तीत आठवेना. मी डोकं धरून खाली बसले. "तो गोठ्यातला इळा धुवत होती का तू?"

"कायनं धुवू? हीर त्यायची, रांजन त्यायचा. चुलीपाशी जायची मले बंदी. दारातून वरतून ओततीन तेवढं पानी. ते लेकरू पुसाले पुरत नसे." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती अगदी सहज म्हणाली, "पन ते साफ करत न इळा. लय साफ करत."

"कसा?"

"नाळ कापली का मी तो अंगनात ठिवाची. मंग त्यायचा गडी चिमट्यानं उचले आन विस्तवात घाले. लाल होईस्तोर. आपला बाट जाव म्हनून. आन मंग पुन्हा कुडाले खोचे."

मी ताडकन उठले. "मंग? नाळ कापल्यावर? पयले नाई?"

माय माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "पयले कायले घालतीन? पयले तं त्याले कोनाचा हात लागला नसे."

आज माझे केस पांढरे झालेत, आयुष्यभर मी रक्त आणि मरण पाहिलं, पण त्या वाक्यानं बसला तसा धक्का मला पुन्हा कशानं बसला नाही. विस्तव होता. तिथंच होता, अंगणात. लोखंड लाल करायचं हेही त्यांना ठाऊक होतं. फक्त ते आमचा स्पर्श जाळत होते. शेण, माती, गोठ्याची घाण हे त्यांना सोवळं. त्यात ठेवलेला विळा शुद्ध, तो आपल्याच नातवाच्या नाळेला लावायचा, आणि माझ्या मायच्या बोटांनी तो अशुद्ध झाला म्हणून मग भाजायचा! हे लिहिताना आत्ताही माझं डोकं फिरतं. आपल्या हातानं आपली लेकरं घालवली आणि वर बोंब आमच्या नावानं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मी ओरडून ओरडून मायला सांगितलं. जंतू, शेण, दवाखान्यातलं पोर, सगळं. मला वाटत होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवतेय. "तुह्या हातात काईच नव्हतं, माय. इळ्यानं मेले ते."

तिनं मोळी बाजूला सारली. मग स्वतःचे तळवे पुढं धरून पाहिले.

"इळा कोनाच्या हातात होता?" ती म्हणाली.

मोळी पुन्हा ओढून ती बांधायला लागली. मी निघाले तेव्हा पांदणीच्या वाटेपर्यंत आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "तुह्या बाईले इचार. पक्कं इचार. तो इळा पयले आगीत घातला असता तं लेकरं वाचले असते का?"

सोमवारी मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठलं. त्या फळा पुसत होत्या. मी सगळं सांगितलं, मायचं नाव घेऊन सांगितलं, लाज वाटली नाही. सांगताना माझाच आवाज चढत गेला. बाईंचा हात फळ्यावर थांबला.

"विस्तव तिथंच होता?" त्यांनी विचारलं.

"होता, बाई. अंगणातच."

आमच्यावर दिवसभर ओरडणाऱ्या त्या बाई मुलींच्या बाकावर येऊन बसल्या. डस्टर मांडीवर, साडी पांढरी झालेली, त्याचं भान नाही. "आमच्याकडेही बाटलेल्या लोखंडाला विस्तवच दाखवतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोळी पाहिलंय मी. नंतरच दाखवतात." मग त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आईला सांग, हो. आधी घातला असता तर वाचली असती. तुझ्या आईचा हात तोच राहिला असता तरी वाचली असती."

पुढच्या रविवारी मी तो निरोप घेऊन गेले. मायनं मला दोनदा म्हणायला लावलं. 'तुझ्या आईचा हात तोच राहिला असता तरी' हे तिनं ओठातल्या ओठात पुन्हा म्हणून पाहिलं. मग चुलीवरचं भांडं उतरवलं, माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "जाय अकोल्याले."

मी घास तसाच धरून बसले.

"पन एक आयक. जथी तुले आग आन पानी घेऊ देत नसतीन, तथी लेकराले हात लावू नोको. कोनाचंबी असो. पाया पडले तरी नाई. मी लावला, तू लावू नोको."

अकोल्याला निवड झाली. बाई स्वतः घेऊन गेल्या. पहिलं वर्ष माझं फरशा पुसण्यात आणि चादरी बदलण्यात गेलं. तिथंही शहाण्या होत्याच. वसतिगृहात माझ्या हातचं पाणी न घेणारीही एक होती, तिच्याशी माझं जे भांडण झालं ते अजून कुणाला विसरता आलं नसेल. पण कामाच्या ठिकाणी ते चालत नसे. तिथं ज्याची पाळी त्यानं हत्यारं उकळायची. बाळंतिणीच्या खोलीची पाळी माझ्याकडे आली त्या सुमाराला माय मला पहिल्यांदा भेटायला आली. धुतलेलं लुगडं नेसून, ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी घेऊन.

मी कामावर होते. मी तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं. ती बसली नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या अलीकडे एक लहान खोली होती, तिथं स्टोव्हवर मोठं पातेलं खदखदत होतं. माय दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर, जुन्या सवयीनं.

"हे काय उकळते?"

"कात्र्या. नाळ कापायच्या."

"लेकरू झालं?"

"नाही अजून. आतली बाई कळा देतेय."

"मंग आताच कायले?"

"आधीच उकळायच्या असतात, माय."

ती पातेल्याकडे बघत राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"पानी कोनं ठिवलं?"

"मी."

"स्टो कोनं पेटवला?"

"मीच. माझी पाळी आहे."

"कोनी काई म्हनलं नाई?"

"कोण काय म्हणणार? कामच आहे ते माझं."

माय खाली बसली. तिथंच, उंबऱ्याशी, फरशीवर. "एवढंच होतं वं," ती म्हणाली. "एवढंच तं होतं." आणि तिनं हंबरडा फोडला. घरातलं माणूस गेल्यावर बाया रडतात तशी, सूर लावून, एकेकाला हाका मारत. नावं नव्हती तिच्याजवळ, बारसं होण्याआधीच गेलेली लेकरं ती. मोठ्या सुनेचं पहिलं रे, धाकटीचं गोरंपान रे, जावळाचं रे, असं म्हणत ती पाटलाच्या पोरांसाठी रडत होती. त्या घरच्या बाया तरी त्यांच्यासाठी एवढ्या रडल्या होत्या का, देव जाणे.

वॉर्डातून लोक धावत आले. मोठ्या सिस्टरबाई आल्या आणि मला विचारलं, "काय झालं? तुमच्याकडचं कोण गेलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात आतून हाक आली, कात्री आणा. मी चिमट्यानं कात्री उचलली, पाणी निथळू दिलं आणि आत गेले.